नगरसेवकांविना चार वर्षे: प्रतिनिधींची लोकशाही आणि विकेंद्रित कारभार यांत खरोखर विरोध आहे का?

प्रश्न
चाटी गल्लीतला वाचक

मार्च २०२२ मध्ये सोलापूर महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी पुन्हा मतदान होईपर्यंत शहराला एकही नगरसेवक नव्हता. या काळात प्रशासक म्हणून आयुक्तांकडेच सर्वसाधारण सभेचे अधिकार होते आणि स्थायी समितीचेही होते. तरीही घंटागाड्या फिरल्या, मिळकत कराची बिले घरोघर आली, पाणी पूर्वीप्रमाणेच काही दिवसांआड आले आणि गड्डा यात्राही नेहमीसारखी भरली.

आमच्या वाचक मंडळात यावरून मोठा वाद झाला. तरुण सदस्यांचे म्हणणे असे की, शहर नगरसेवकांवाचून चालू शकते हे आता सिद्धच झाले आहे. तेव्हा प्रतिनिधी निवडण्याचा हा सगळा खटाटोप बंद करून प्रत्येक प्रश्नावर नागरिकांनी मोबाईलवरूनच कौल द्यावा, म्हणजे खरे विकेंद्रीकरण होईल. ज्येष्ठांचे म्हणणे नेमके उलट होते: प्रतिनिधी नसताना कारभार लोकांच्या हाती येत नाही, तो अधिकाऱ्यांच्या हाती जातो, आणि विकेंद्रीकरण म्हणजे निवडून आलेल्या स्थानिक माणसांकडे अधिकार जाणे. दोन्ही बाजू एकाच गोष्टीची मागणी करत होत्या आणि एकमेकांना लोकशाहीचे शत्रू ठरवत होत्या.

मला जाणकारांकडून हे समजून घ्यायचे आहे की, विकेंद्रित कारभार हा प्रातिनिधिक लोकशाहीला पर्याय आहे की तिचीच खालची पायरी. लोकांनी थेट निर्णय घेण्याची पद्धत जिथे टिकली तिथे ती कशामुळे टिकली, आणि २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८ लोकसंख्या असलेल्या आपल्या शहरात तिचा किती भाग आणता येईल? पक्षांची उणीदुणी कृपया येथे नकोत.


उत्तर
मंगळवेढ्याचे निवृत्त ग्रामसेवक

नोकरीची बहुतेक वर्षे मी मंगळवेढा आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींत काढली, त्यामुळे शहराविषयी मी अधिकाराने बोलणार नाही. परंतु लोकांनी एकत्र बसून थेट निर्णय घेण्याची कायदेशीर सोय महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमापासून आहे. तिला ग्रामसभा म्हणतात, आणि तिची अवस्था मी इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून पाहिलेली आहे.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सबळ कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. दोन-अडीच हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे जमवणे ही काही अवघड गोष्ट नाही, असे बाहेरच्याला वाटेल. प्रत्यक्षात झेंडावंदन उरकले, मुलांना खाऊ वाटला की माणसे पांगतात. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. पुढच्या आठवड्यात पारावर दहा-बारा माणसे बसतात, त्यांनी घेतलेला निर्णय कायद्याने संपूर्ण गावाचा ठरतो आणि सह्यांची वही नंतर घरोघर फिरते. सीमेकडच्या गावांत चर्चा कन्नडमध्ये होते आणि इतिवृत्त मराठीत लिहिले जाते. अर्ध्या तासाचे कडाक्याचे भांडण ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ एवढ्यात मावते. सूचक आणि अनुमोदक यांची नावे तेवढी बिनचूक असतात.

मात्र यावरून लोकांना कारभारात रसच नाही, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. माझा अनुभव असा आहे की, ज्या सभेत खरोखर काही ठरणार असते त्या सभेला माणसे येतात. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०१५ ते २०२०, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावाने स्वतः आराखडा करायचा असे ठरले. त्या वर्षांत माझ्याकडच्या गावांतल्या आराखड्याच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालत. एका वस्तीला रस्ता आधी की दुसऱ्या वस्तीला गटार आधी, यावर लोक हमरीतुमरीवर येत. पंधराव्या वित्त आयोगाने निधीतला काही वाटा पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला परत दिला. पुढे २०२१ पासून ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित झाला, आणि अबंधित म्हणून ४० टक्के उरला. पाणी आणि स्वच्छता हे विषय महत्त्वाचे नाहीत असे कोण म्हणेल? पण काय महत्त्वाचे हे दिल्लीत ठरले की गावात ठरवायला उरते ते फक्त ठिकाण. विकेंद्रीकरण किती झाले हे भाषणांवरून मोजण्यापेक्षा अबंधित निधीच्या टक्क्यावरून मोजावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे उदाहरण सरपंचाचे. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरले, २०२० मध्ये ते रद्द होऊन सरपंच पुन्हा सदस्यांतून निवडला जाऊ लागला आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड आली. पाच वर्षांत तीनदा नियम बदलला, आणि तो बदलताना एकाही गावाला विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. आपल्या गावाचा प्रमुख कसा निवडावा हेसुद्धा ज्या गावाला ठरवता येत नाही, त्याला स्वशासनाची संस्था म्हणणे मला थोडे धाडसाचे वाटते. राज्यघटनेत १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभा आली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, हे सर्व खरे आहे. मात्र ते विषय किती द्यायचे हे त्याच दुरुस्तीने राज्यांच्या मर्जीवर सोडले.


उत्तर
विजापूर रोड

काका, आपला अनुभव वाचून बरे वाटले. मी संगणक क्षेत्रात काम करतो आणि मोबाईलवरून कौल घेण्याच्या बाजूचा म्हणून मंडळात ओळखला जातो; त्यामुळे आमच्या बाजूचे सर्वांत फसलेले उदाहरण मीच सांगतो.

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपल्या जाणाऱ्या सामाईक नोंदवहीवर, चालणाऱ्या ‘डाओ’ नावाच्या संस्था असतात. त्यांत संचालक नसतात. नियम संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेले असतात आणि सदस्य आपापल्या टोकननुसार, म्हणजे विकत घेतलेल्या आभासी हिश्श्यांनुसार, मत देतात. २०१६ मध्ये ईथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर ‘द डाओ’ याच नावाची संस्था उभी राहिली आणि जगभरातून प्रचंड पैसा जमला. १७ जून २०१६ रोजी आज्ञावलीतल्या एका पळवाटेचा उपयोग करून कोणी तरी सुमारे ३६ लाख ईथर, म्हणजे ईथेरियमचे आभासी चलन, काढून घेतले. नियम हाच कायदा असेल तर ही चोरीही म्हणता येत नव्हती, कारण आज्ञावलीने ती होऊ दिली होती. अखेर जुलैमध्ये संपूर्ण साखळीलाच, म्हणजे ईथेरियमच्या नोंदवहीलाच, नवे वळण देऊन पैसे परत मिळवण्यात आले. त्या निर्णयावर ईथरधारकांचे मतदान झाले खरे, पण त्यात भाग घेणारे थोडे होते, आणि प्रत्यक्ष दिशा मूळ विकासकांच्या छोट्या गटाने दिली. ज्यांना ते मान्य नव्हते ते जुन्याच साखळीवर राहिले. तिला आज ईथेरियम क्लासिक म्हणतात.

त्यातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली अशी की, प्रत्येक विषयावर मत द्यायला लोकांना वेळ नसतो आणि म्हणून अशा बहुतेक संस्थांत पुढे आपले मत दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय आली. म्हणजे प्रतिनिधींना दाराबाहेर काढले आणि ते खिडकीतून आत आले. दुसरी गोष्ट सोलापूरच्या माणसाला अधिक लवकर कळेल. टोकनला मत म्हणजे शेअरला मत. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यात किंवा सूतगिरणीत शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत असते. ज्या तंत्राला आम्ही लोकशाहीची पुढची पायरी म्हणतो, ते या बाबतीत १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्याही मागे आहे.

अर्थात सहकाराची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हेही माहीत आहे की, मत समान असले म्हणून सत्ता समान होते असे नाही. अहवालाची पाने उलटण्याआधीच मागून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष सुरू होतो आणि आयत्या वेळच्या विषयांत खरा विषय लपलेला असतो.


उत्तर
बार्शीची वाचक

वरच्या चर्चेत एक अस्सल महाराष्ट्री उदाहरण राहून गेले आहे. गावातले किंवा वॉर्डातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्री मतदारांनी ठराविक संख्येने मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते, आणि मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोनच चित्रे असतात. येथे नुसते मतदान करणाऱ्यांचे बहुमत पुरत नाही. नोंदलेल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी ऊसतोडीला गेली असेल किंवा ज्या बाईला नवऱ्याने घराबाहेर पडू दिले नसेल, तिचे न दिलेले मत दुकानाच्या बाजूने मोजले जाते. ग्रामसभेत दहा-बारा माणसांची सही गावाचा निर्णय ठरते आणि बाटलीच्या बाबतीत मात्र निम्म्याहून अधिक गाव रांगेत उभे राहावे लागते, हा विरोधाभास कोणी तरी समजावून सांगावा.


उत्तर
राज्यशास्त्राची अध्यापिका

बार्शीच्या ताईंनी जो मुद्दा मांडला आहे तो मूळ प्रश्नाच्या गाभ्याशी जातो, कारण थेट लोकशाहीत निर्णय कोणाचा लागेल हे बहुतांशी नियम कोणी लिहिला यावर ठरते. माझ्या मते मूळ प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. निर्णय कोण घेतो, स्वतः लोक की त्यांचे प्रतिनिधी, हा एक अक्ष आहे. निर्णय कोणत्या पातळीवर घेतला जातो, दिल्ली, मुंबई, सोलापूर की प्रभाग, हा दुसरा अक्ष आहे. वाचक मंडळातले तरुण पहिल्या अक्षावर बोलत होते आणि ज्येष्ठ दुसऱ्या अक्षावर. देशव्यापी सार्वमत थेट असते, पण विकेंद्रित मुळीच नसते. ग्रामपंचायत विकेंद्रित असते, पण तीही प्रतिनिधींचीच असते. आणि प्रशासकाची राजवट थेटही नव्हती, प्रातिनिधिकही नव्हती आणि विकेंद्रितही नव्हती, कारण प्रशासक शासनाला उत्तरदायी असतो. त्यामुळे त्या चार वर्षांवरून विकेंद्रीकरणाच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच सिद्ध होत नाही.

आता पातळी खाली नेण्याला गंभीर आक्षेप कोणता, हे पाहू. तो नोकरशहांनी घेतलेला नाही, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घेतला होता. मसुद्यात ग्रामपंचायतींना आधारभूत स्थान नाही या टीकेला उत्तर देताना त्यांनी गावाचे वर्णन संकुचित वृत्ती, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर असे केले आणि मसुद्याने गाव टाकून व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. गांधीजींच्या ग्रामस्वराज्याच्या कल्पनेला मानणाऱ्या सदस्यांच्या आग्रहामुळे पुढे अनुच्छेद ४० आला, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात दाद मागता येणार नाही अशा जागी. ज्या गावात पाणवठा आणि स्मशान वेगळे आहे, तिथे ‘गावाने ठरवले’ या वाक्याचा अर्थ दलित वस्तीतल्या माणसाला विचारावा. मला आंबेडकरांचा आक्षेप आजही पूर्णपणे खोडून काढता येत नाही. ७३ व्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि स्त्रियांसाठी राखीव जागा ठेवल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यापर्यंत नेला, हे त्या आक्षेपाला दिलेले अंशतः उत्तर आहे. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी की, हे उत्तर आरक्षित प्रतिनिधींच्या रूपाने आले आहे, ग्रामसभेच्या रूपाने नाही. ग्रामसभेत आरक्षण असू शकत नाही. तिथे आवाज मोठा त्याचा असतो. स्त्रियांसाठी ग्रामसभेपूर्वी वेगळी महिला सभा घेण्याची तरतूद करावी लागली, ती याच कारणाने.

हा केवळ आपल्याकडचा दोष नाही. थेट लोकशाहीचे माहेरघर म्हणून स्वित्झर्लंडचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. तिथे एक लाख सह्या गोळा करून नागरिक संघराज्याच्या घटनेत बदल सुचवू शकतात आणि ५० हजार सह्यांवर संसदेने केलेला कायदा सार्वमताला टाकता येतो. पण त्याच देशात १९५९ मध्ये पुरुष मतदारांनी स्त्रियांचा मताधिकार मोठ्या बहुमताने फेटाळला आणि तो संघराज्याच्या पातळीवर १९७१ मध्ये मिळाला. आपेनझेल इनररोडेन या छोट्या परगण्यात आजही लोक चौकात जमून हात वर करून निर्णय घेतात. तिथल्या पुरुषांनी १९९० च्या सभेतही स्त्रियांना नकार दिला आणि अखेर त्याच वर्षी संघराज्याच्या न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. जो गट सभेच्या बाहेर आहे त्याला आत घेण्याचा निर्णय सभेनेच घ्यायचा असेल, तर बाहेरच्याने किती पिढ्या थांबायचे? म्हणून वरच्या पातळीवर काही हक्क असे ठेवावेच लागतात, ज्यांवर खालच्या सभेला मत घेता येणार नाही.

आणि आता उलट बाजू. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) हे गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी प्रसिद्ध आहे. लोकसंख्या जेमतेम पाचशेच्या आसपास, बहुसंख्य लोक गोंड आदिवासी. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा आणि एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर न्यायचा, ही तिथली रीत आहे. ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट असतो. तो फक्त माहिती गोळा करतो आणि चर्चा करतो, निर्णय घेत नाही. या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता. तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेला २०११ मध्ये मिळाला. हक्काचा कागद हाती आल्यानंतरही साध्या वाहतूक पासासाठी दोन वर्षे जावी लागली, यावरून अधिकार खाली उतरताना कुठे अडकतो हे कळते. ‘गावाने स्वतःला सुधारावे’ असा उपदेश करणाऱ्यांनी हा तपशील आधी वाचावा.


प्रतिसाद
चाटी गल्लीतला वाचक

ताई, दोन अक्षांचा खुलासा पटला, आणि मंडळात तो मांडला तर निम्मे भांडण मिटेल. परंतु मेंढ्याचे उदाहरण शहराला कसे लावावे? तिथल्या सर्वांचे पोट एकाच जंगलावर आहे, म्हणून सहमती होईपर्यंत थांबणे सर्वांना परवडते. आमच्या शहरात २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडले जातात. २०११ ची लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात सरासरी ३६ हजारांहून अधिक माणसे येतात. त्यांत विडी वळणारी बाई आहे, चादरीच्या मागावरचा कामगार आहे, जुळे सोलापुरातला निवृत्त प्राध्यापक आहे, आणि काहींची घरची भाषा तेलुगू आहे, काहींची कन्नड, काहींची उर्दू. यांची सभा भरवायची कुठे आणि तिने ठरवायचे काय?


उत्तर
साखर पेठ

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहिलेले आहे, फक्त ते फारसे कोणी वाचत नाही. तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असे ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले आणि त्यांच्याही खाली, मतदान केंद्रांच्या पातळीवर, क्षेत्र सभा असावी अशी तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये महानगरपालिका कायद्यात केली. क्षेत्र सभा म्हणजे शहरातली ग्रामसभा. तेव्हा केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचा निधी मिळवण्यासाठी असा कायदा करणे ही अटच होती. कायदा झाला, निधी आला आणि पुढे सगळे शांत झाले. राज्यातल्या शहरांत क्षेत्र सभा नियमित भरताना दिसत नाहीत.

त्यात बहुसदस्यीय प्रभागाने आणखी घोळ घातला आहे. आपल्याकडे २६ पैकी २४ प्रभागांत चार-चार आणि दोन प्रभागांत तीन-तीन नगरसेवक आहेत. गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाला धरायचे? चौघेही म्हणू शकतात की तो भाग दुसऱ्याकडे आहे. एका मतदाराला चार मते देऊन त्याचा एक हक्काचा माणूस काढून घेतला, असे माझे मत आहे आणि ते मी कोणाचीही सत्ता असताना मांडत आलो आहे. ज्यांना विकेंद्रीकरण हवे आहे त्यांनी मोबाईलवरच्या कौलाच्या आधी एका प्रभागाला एक नगरसेवक ही मागणी करावी.

प्रशासकाच्या काळाबद्दल मात्र मला थोडे अधिक म्हणायचे आहे. ‘शहर चालले’ हे खरे आहे. दैनंदिन कामे कर्मचारी करतात आणि ती त्यांनी केली. जे थांबले ते डोळ्यांना दिसणारे नाही. महापालिकेच्या अर्थसंकल्पाचा प्रवास असा असतो की, आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, १६ सदस्यांची ती समिती त्यात फेरफार करून सर्वसाधारण सभेकडे पाठवते आणि सभा त्याला अंतिम मंजुरी देते. प्रशासकाच्या राजवटीत मांडणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे एकच असतात. अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी स्वतःच्या अंदाजपत्रकावर स्वतः उपसूचना मांडणे त्याला शक्य नसते. एखाद्या वस्तीतली पाण्याची टाकी एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात गेली, किंवा पुढच्या वर्षावर ढकलली गेली, तर ‘का’ असे सभागृहात उभे राहून विचारणारे कोणी नव्हते. नगरसेवक हा प्रश्न नेहमी निःस्वार्थ बुद्धीने विचारतात असे मी म्हणणार नाही. पण स्वार्थापोटी विचारलेला प्रश्नही इतिवृत्तात नोंदला जातो, आणि नोंद झाली की आपल्यासारख्याला ती मागवता येते.

राज्यघटनेने तर निवडणूक मुदत संपण्यापूर्वी घ्या असे स्पष्ट म्हटले आहे. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे वाद न्यायालयात गेले आणि राज्यभरातल्या महापालिका व जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबत गेल्या. विधानसभेची निवडणूक अशी चार वर्षे लांबली असती तर देशभर गदारोळ झाला असता. खालच्या पातळीची लोकशाही थांबली तर ती गैरसोय, आणि वरची थांबली तर ती आणीबाणी, ही आपली मनोवृत्ती विकेंद्रीकरणाच्या कोणत्याही कायद्यापेक्षा अधिक बोलकी आहे.

सभेने ठरवायचे काय, या प्रश्नावर केरळचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत त्या राज्याने योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे ठरवले आणि मग सभा भरवल्या. पैसा आधी आणि सभा नंतर, हा क्रम तिथे महत्त्वाचा होता. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिक वस्तीच्या सभांत अर्थसंकल्पाचे प्राधान्यक्रम ठरवू लागले. तिथेही वस्तीच्या सभा आपले प्रतिनिधी निवडत आणि ते प्रतिनिधी पुढे महापालिकेशी घासाघीस करत. फरक एवढाच की त्यांची मुदत छोटी होती आणि त्यांना पुन्हा त्याच सभेला तोंड दाखवावे लागत होते. आपल्या जवळचे पाहायचे तर पुण्यात २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. पदपथ, दिवे, बाके, बसथांबे अशी कामे लोक सुचवतात. ही सुरुवात म्हणून मी तिचे स्वागत करतो, पण सुचवणे आणि ठरवणे यांत अंतर आहे.


प्रतिसाद
विजापूर रोड

साखर पेठेतल्या सरांचे म्हणणे मान्य केले, तरी माझा एक प्रश्न उरतो. क्षेत्र सभा उद्या खरोखर भरली, तर कामावर गेलेली विडी कामगार स्त्री तिथे येणार नाही आणि निवृत्त माणसेच बोलत राहतील. तिच्या हातातल्या मोबाईलवर दोन दिवस कौल उघडा ठेवला तर तिचे मत निदान मोजले तरी जाईल. काका, आपण सभा पाहिल्या आहेत. हात वर करणे बरे की गुप्त कौल बरा, हे आपणच सांगावे.


उत्तर
मंगळवेढ्याचे निवृत्त ग्रामसेवक

दोन्ही बरे, पण आपल्याकडे ते उलट्या जागी वापरले जातात. थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव लागतो आणि त्यानंतर ग्रामसभेत गुप्त मतदान होते. म्हणजे सत्तेवरच्या माणसाच्या बाबतीत मतदाराला पडद्याचे संरक्षण आहे. घरकुलाच्या यादीचे वाचन मात्र भर सभेत होते आणि अपात्र कोण हे तिथेच उघडपणे सांगायचे असते. ज्याच्या रानात उद्या मजुरीला जायचे आहे त्याच्या भावाचे नाव यादीत चुकीने आले आहे, हे सांगायला कोण उठेल? माझ्या कारकिर्दीत अशा वेळी सभेत कोणी बोलत नसे आणि संध्याकाळी कार्यालयाच्या दाराखालून बिनसहीची चिठ्ठी सरकवली जाई. निनावी तक्रारीवर कारवाई करता येत नसल्याने मी ती चिठ्ठी फाइलला लावून ठेवीत असे.

तेव्हा माणसाच्या नावावर निर्णय असेल तिथे गुप्त कौल घ्यावा, आणि त्यासाठी मोबाईल वापरायलाही माझी हरकत नाही, फक्त बाईचा मोबाईल बाईच्याच हातात आहे याची खात्री कोण करणार ते सांगावे. पैशाचा निर्णय असेल, म्हणजे रस्ता कोणत्या वस्तीला आणि गटार कोणत्या आळीला, तिथे मात्र माणसांनी समोरासमोर बसून भांडलेच पाहिजे, कारण त्या भांडणात दुसऱ्या आळीचे पाणी कुठे तुंबते हे पहिल्या आळीला कळते. विडी कामगार बाईसाठी सभेची वेळ बदलावी. तयार विड्या कारखान्यात जमा करून ती घरी परतते त्यानंतरची वेळ ठेवली आणि सभा तिच्याच वस्तीतल्या शाळेत, तिच्याच भाषेत घेतली, तर ती येते की नाही हे आधी पाहावे. आणि बार्शीच्या ताईंनी दाखवलेल्या विरोधाभासावर माझा एकच उपाय आहे: तहकूब सभेलाही गणपूर्ती लागू करावी, भले ती निम्मी ठेवा.